वल्ह्याखाली पेटणारे पाणी

कॅरिबियन समुद्रातील बेटांवर जाणाऱ्या पर्यटकाला पाण्यातले खेळ पुष्कळ मिळतात. प्रवाळावर बुडी मारणे, शिडाच्या होडीतून फेरफटका, लाटांवर फळी घेऊन उभे राहणे, हे सगळे कमीअधिक फरकाने सगळीकडे सारखेच असते, आणि त्यासाठी लख्ख ऊन लागते. प्वेर्तो रिकोच्या पूर्वेला असलेल्या व्हिएकेस या लहानशा बेटावरची एक जलसफर मात्र याच्या नेमकी उलट आहे. तिला अंधार लागतो. चंद्र नसेल तर उत्तम. पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाला मज्जाव. विजेरी पेटवू नका, पाण्यात उतरू नका, एवढेच काय, डास चावतात म्हणून अंगाला औषध चोपडून येऊ नका, असेही पर्यटकांना आधी बजावले जाते. पैसे मोजून आलेल्या माणसाला इतक्या वेळा 'नको' म्हणणारी सहल जगात क्वचितच सापडेल.

कायाक नावाच्या अरुंद, वल्ह्याने चालवायच्या होडीत बसून ही मंडळी एका उथळ उपसागरात शिरतात. स्थानिक स्पॅनिश भाषेत त्याचे नाव 'पुएर्तो मोस्कितो', म्हणजे डासांचे बंदर. वल्हे पाण्यात पडले की त्याभोवती निळसर प्रकाश उसळतो. मासा पळाला तर त्याच्या वाटेची रेघ चमकते. हात बुडवून वर काढला तर बोटांवरून ठिणग्या ओघळल्यासारखे दिसते. २००६ साली गिनेसच्या विक्रमांच्या नोंदीत जगातील सर्वांत तेजस्वी जीवदीप्त उपसागर म्हणून याचे नाव लागले. त्याआधीच, १९८० मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय नैसर्गिक ठेव्यांच्या यादीत त्याचा समावेश झालेला होता.

हा प्रकाश म्हणजे दिवा नव्हे, की बटन दाबले आणि लागला. तो एका सजीवाचा आहे, आणि तो सजीव तिथे राहावा यासाठी भूगोलाच्या चार-पाच गोष्टी एकाच ठिकाणी जुळून याव्या लागतात. त्या बिघडल्या तर प्रकाश जातो. तो गेल्याची उदाहरणेही आहेत, आणि ती फार जुनी नाहीत. म्हणून सहलीचे ते सारे नियम आपण विज्ञानाच्या अंगाने समजून घेऊ या. वर्गात शिकवायला त्यात जीवशास्त्र आहे, भौतिकशास्त्र आहे, भूगोल आहे आणि थोडे गणितही आहे.

एका पेशीचा दिवा

हा प्रकाश देणाऱ्या जीवाचे शास्त्रीय नाव 'पायरोडिनियम बहामेन्स'. 'पायरो' म्हणजे अग्नी आणि 'डिनोस' म्हणजे गरगर फिरणे. लुडविग प्लाटे या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १९०६ साली बहामा बेटांवरील एका खाऱ्या तळ्यातील नमुन्यावरून त्याचे वर्णन केले, म्हणून 'बहामेन्स'. हा डायनोफ्लॅजेलेट गटातील एकपेशीय जीव आहे. आकार मिलीमीटरच्या विसाव्या भागाएवढा. अंगावर सेल्युलोजच्या तकट्यांचे चिलखत. दोन कशाभिका, एक कमरेभोवतीच्या खाचेत वळवळते, दुसरी मागे शेपटीसारखी. त्यामुळे तो भोवऱ्यासारखा फिरत पुढे सरकतो. त्याच्या अंगी हरितद्रव्य असते, म्हणजे दिवसा तो वनस्पतीप्रमाणे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतो आणि रात्री, डिवचला गेला तर, प्रकाश परत देतो.

गिनेसच्या नोंदीतील आकडा गॅलनला सात लाख पेशींपर्यंतचा आहे. आपल्या मापात हे लिटरला सुमारे एक लाख पंच्याऐंशी हजार होतात, म्हणजे एका घन सेंटिमीटरला १८५. आकडा ऐकून पाणी खिरीसारखे दाट असेल असे वाटते. विद्यार्थ्यांना गणित करायला सांगावे: प्रत्येक पेशीच्या वाट्याला साडेपाच घन मिलीमीटरपेक्षा थोडे कमी पाणी येते. त्याचे घनमूळ काढले तर दोन शेजाऱ्यांमधले अंतर सरासरी पावणेदोन मिलीमीटर भरते. पेशी स्वतः त्याच्या पस्तिसाव्या भागाएवढी. म्हणजे इतकी गर्दी असूनही पाणी रिकामेच म्हणायचे! तरीही १०० मिलीलिटरच्या एका ओंजळीत अठरा हजारांहून अधिक दिवे असतात.

प्रकाश निर्माण होण्याची रासायनिक क्रिया काजव्यातल्यासारखीच, पण रसायने वेगळी. ल्युसिफेरिन नावाच्या पदार्थाचे ल्युसिफेरेज या विकराच्या मदतीने ऑक्सिजनशी संयोग होतो आणि मोकळी होणारी ऊर्जा उष्णतेऐवजी मुख्यत्वे प्रकाशरूपाने बाहेर पडते. गंमत अशी की, डायनोफ्लॅजेलेटांच्या ल्युसिफेरिनची रचना हरितद्रव्याच्या रेणूशी मिळतीजुळती आहे. ही सामग्री पेशीत चहूकडे विखुरलेली नसते. सिंटिलॉन नावाच्या अतिसूक्ष्म पुटिकांमध्ये ती बंद असते, आणि या पुटिका पेशीच्या मोठ्या आम्लयुक्त पोकळीला, म्हणजे रिक्तिकेला, खेटून असतात.

आता कळ कुठे आहे ते पाहू. पाण्याच्या हालचालीने पेशीचा पडदा ताणला की आत संदेश जातो आणि रिक्तिकेच्या पडद्यावर विजेची एक लहर धावते, आपल्या चेतातंतूंत धावते तशीच. त्या लहरीने हायड्रोजन आयनांची दारे उघडतात, आम्ल सिंटिलॉनमध्ये शिरते, तिथला सामू आठच्या आसपासून सहाकडे घसरतो आणि विकर कामाला लागते. सारा मामला एका सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपतो. एवढ्यात एक पेशी कोट्यवधी प्रकाशकण सोडते. विजेच्या दाबाने उघडणारी अशी दारे असली पाहिजेत, असा तर्क वुडलँड हेस्टिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७२ साली मांडला होता. डायनोफ्लॅजेलेटमध्ये असे दार प्रत्यक्ष सापडायला २०११ साल उजाडले. तर्क आणि पुरावा यांत एकोणचाळीस वर्षे गेली, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. पाठ्यपुस्तकात दोन्ही एकाच ओळीत येतात आणि मधला काळ दिसतच नाही.

याच हेस्टिंग्जनी बीट्रिस स्वीनी यांच्याबरोबर १९५० च्या दशकात दुसऱ्या एका डायनोफ्लॅजेलेटवर प्रयोग केले. त्यांनी ते जीव दिवसरात्र एकसारख्या मंद प्रकाशात ठेवले. बाहेर रात्र आहे की दिवस, हे कळायला वाव नव्हता. तरीही त्यांची दीप्ती साधारण चोवीस तासांच्या ठेक्याने वाढत आणि ओसरत राहिली. एका पेशीच्या पोटात घड्याळ असते, हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या भक्कम पुराव्यांपैकी हा एक.

किनाऱ्यालगतच्या शाळांना या रसायनाची खातरजमा स्वतः करता येईल. पायरोडिनियमचा तेजस्वी उपसागर आपल्याकडे नाही, पण कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर काही रात्री फुटणाऱ्या लाटेची कड निळी चमकते. ती बहुधा नॉक्टिल्युका या त्याच्या दूरच्या, आकाराने कितीतरी मोठ्या नातेवाइकाची करामत असते. नॉक्टिल्युका अर्ध्या ते एक मिलीमीटरची, म्हणजे नुसत्या डोळ्यांनाही ठिपक्यासारखी दिसते. असे पाणी काचेच्या बरणीत घेऊन पूर्ण काळोखाच्या खोलीत दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवावे. बरणी हलकेच हिंदकळली की चमक दिसते, थांबली की जाते. मग व्हिनेगरचे काही थेंब घालून पाहावे. आता न हलवताही पाणी उजळून निघते, कारण दार उघडण्याची वाट न पाहता आम्ल आत घुसते. हा दिवा एकदाच लागतो. पेशी मरतात, म्हणून पाणी थोडेच घ्यावे.

हा खटाटोप कशासाठी?

एवढी ऊर्जा खर्चून या जीवाला मिळते काय? डायनोफ्लॅजेलेट खाणारे कोपेपॉडसारखे प्राणिप्लवक अंधारात चरतात. पेशीला धक्का लागला की ती लखकन चमकते आणि चरणारा दचकतो, हा एक फायदा. याहून मनोरंजक कल्पना मार्टिन बर्कनरोड यांनी १९४३ मध्ये सुचवली: हा उजेड म्हणजे चोर आल्यावर वाजणारी धोक्याची घंटा. चमकेमुळे कोपेपॉड कोठे आहे ते त्याला खाणाऱ्या माशाला दिसते. चोर पकडला जातो. १९९३ साली एब्रहॅम्स आणि टाउनसेंड यांनी काट्यापाठीचे लहान मासे, कोपेपॉड आणि डायनोफ्लॅजेलेट यांना एकत्र ठेवून ही कल्पना तपासली. पेशी चमकणाऱ्या असतील तेव्हा माशांनी जास्त कोपेपॉड टिपले. कायाकमधला पर्यटक ज्याला सौंदर्य म्हणतो ते त्या पेशीच्या दृष्टीने 'धावा, चोर!' असे ओरडणे आहे.

येथे भौतिकशास्त्राचा एक मुद्दा येतो. पाणी नुसते वाहिले म्हणून पेशी चमकत नाही. सगळे पाणी एकाच वेगाने सरकत असेल तर पेशीला काहीच जाणवत नाही, जशी चालत्या आगगाडीत बसलेल्या आपल्याला गती जाणवत नाही. शेजारच्या दोन थरांच्या वेगात फरक असेल तरच पेशी एका बाजूने ओढली जाते. या ताणाला कर्तन-प्रतिबल म्हणतात. म्हणून हळू सरकणाऱ्या कायाकचे बूड जवळजवळ काळे राहते, टोकाशी पाणी दुभंगते तिथे मिशीसारख्या दोन रेघा उमटतात, आणि वल्ह्यामागे जिथे भोवरे सुटतात तिथे मात्र आग लागते. प्रवाहाचा नकाशाच पाण्यावर काढलेला असतो. वर्गात हे पाहायचे तर पसरट ताटात पाणी घेऊन त्यावर मिरपूड भुरभुरावी आणि पट्टी उभी धरून आधी अगदी सावकाश, मग झपकन ओढावी. सावकाश ओढली तर पूड शहाण्यासारखी बाजूला सरते. झपकन ओढली तर मागे गरगरणारे भोवरे सुटतात. व्हिएकेसला प्रकाश दिसतो तो प्रामुख्याने याच दुसऱ्या जागी.

चंद्राचा नियमही ताडून पाहण्यासारखा आहे. पौर्णिमेच्या आसपास कित्येक सहलवाले फेऱ्याच ठेवत नाहीत. पाण्यात जीव तेवढेच असतात. आपला डोळा कमी पडतो. उजेडातून काळोखात आल्यावर डोळ्यातील दंडपेशी पुरत्या जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. या पेशींची संवेदनशीलता ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक असते, आणि पायरोडिनियमचा निळा उजेड ४७५ नॅनोमीटरच्या जवळपास. म्हणजे गाठ चांगली पडली आहे. पण कोणी एकाने मोबाइलचा पडदा उघडला की होडीतल्या सगळ्यांची अर्ध्या तासाची तयारी वाया. आमच्या मते या सहलीत सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम हाच असणार. ज्याचे छायाचित्र साध्या कॅमेऱ्यात नीट येत नाही ते पाहिल्याचे समाधान हल्ली अनेकांना होत नाही.

गळकी घागर आणि भरणारे पाणी

आता मुख्य प्रश्न. पायरोडिनियम उष्ण समुद्रात इतरत्रही सापडतो. मग तो व्हिएकेसच्या या एका उपसागरातच इतका दाट का?

उपसागराची ठेवण पाहा. पाणी उथळ, समुद्राकडे उघडणारे तोंड अरुंद आणि वळणाचे. काठाने तिवरांचे दाट कुंपण. त्यातली मुख्य जात 'रायझोफोरा मँगल', म्हणजे आपल्या कोकणातील कांदळाची सख्खी बहीण. तिवरांची पाने पाण्यात पडून कुजतात, त्यातून पोषक द्रव्ये सुटतात. कुजवणारे जीवाणू ब-१२ जीवनसत्त्व पुरवतात आणि ते या डायनोफ्लॅजेलेटांना उपयोगी पडते, असेही मानले जाते. पण नुसते खाणे पुरेसे नाही. भोक पडलेल्या घागरीत कितीही पाणी ओतले तरी ती भरेल की नाही हे भोकाच्या आकारावर ठरते. इथे भोक म्हणजे ओहोटी.

व्हिएकेसच्या दक्षिण किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक जेमतेम एक फूट, आणि बहुतेक दिवशी भरती एकच. मुंबईला उधाणाच्या दिवशी हा फरक चार मीटरच्या पुढे जातो आणि भरती दिवसातून दोनदा येते. या फरकाचा परिणाम आकड्यांत मांडून पाहू. खालील दोन्ही खाड्या काल्पनिक आहेत.

पहिली कॅरिबियन धाटणीची. सरासरी खोली ३ मीटर, ओहोटीला पाव मीटर पाणी बाहेर जाते, दिवसातून एकदा. म्हणजे रोज बारावा भाग पाणी जाते आणि त्याबरोबर बाराव्या भागाच्या पेशी. पायरोडिनियम सावकाश वाढणारा जीव आहे. तीन दिवसांत संख्या दुप्पट होते असे धरू. दोनचे घनमूळ १.२६, म्हणून रोजची वाढ १.२६ पट. त्याला अकरा-बारांशाने गुणले की १.१५५ येतात. एकापेक्षा मोठी संख्या! दहा दिवसांत पेशी चौपट होतील.

दुसरी कोकणी धाटणीची. भरतीला खोली ६ मीटर, ओहोटीला ३ मीटर पाणी निघून जाते, दिवसातून दोनदा. म्हणजे एका ओहोटीत निम्म्या पेशी गेल्या, दोन ओहोट्यांत पाऊण गेल्या, पाव उरल्या. १.२६ गुणिले ०.२५ म्हणजे ०.३१५. तीन दिवसांनी शंभरातल्या तीन पेशी शिल्लक. तिवरे असोत, ब-१२ असो, कांदळवन कितीही निरोगी असो, घागर भरत नाही.

गणित ढोबळ आहे. गेलेल्या पाण्यातले काही पुढच्या भरतीला परत येते, आणि पेशी खाणारेही असतात. त्यांना आपण धरलेले नाही. तरी गुणोत्तर एकाच्या वर की खाली, हा प्रश्न सुटायला एवढे पुरे. आपल्या खाड्या रात्री का पेटत नाहीत याचे एक मोठे कारण त्यातून हाती लागते. त्याच उधाणाच्या भरतीवर आपली खाजणे, मिठागरे आणि मासेमारी चालते, हे मात्र विसरायला नको.

यातही पेशी स्वस्थ बसत नाहीत. जमैकामधील फॅल्मथजवळचा असाच एक दीप्तिमान उपसागर हॉवर्ड सेलिगर आणि सहकाऱ्यांनी अभ्यासला आणि १९७० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसा पायरोडिनियम प्रकाशाच्या ओढीने वर पोहत येतो. असे जीव तासाला मीटरभर अंतर सहज कापतात, तेव्हा उथळ पाण्यात काम दोन-तीन तासांचे. वारा वरच्या थरातले पाणी उपसागराच्या आतल्या टोकाकडे ढकलतो आणि त्याबरोबर पेशीही आत लोटल्या जातात. तेवढेच पाणी खालून परत फिरते, पण त्यात पेशी विरळ असतात. पाणी जाते आणि पोहणारा मागे राहतो. चाळणीने गाळण्याचाच प्रकार, फक्त चाळणी वारा आणि सूर्य यांची. म्हणून उपसागराच्या तोंडाची रुंदी, वाऱ्याची दिशा आणि पाण्याची पारदर्शकता यांपैकी काहीही बदलले की गुणोत्तर एकाच्या खाली घसरू शकते.

प्रकाश विकताना

आता नियमांचा अर्थ उलगडतो. इंजिनाची होडी तेल सांडते, पण तेवढेच नाही. उथळ पाण्यात तिचा पंखा तळाचा गाळ उडवतो, पाणी गढूळ होते, प्रकाशाकडे पोहणाऱ्या पेशींना प्रकाशच मिळत नाही. पोहणाऱ्या माणसाच्या अंगावरून उन्हापासून वाचवणारी मलमे आणि डास पळवणारी औषधे पाण्यात उतरतात. एका माणसाने काही बिघडत नाही. पण पाण्याची अदलाबदल संथ असल्यामुळेच तर हा उपसागर उजळतो. पेशी ज्या कारणाने आत टिकतात त्याच कारणाने घाणही आत टिकते. भोक लहान असलेल्या घागरीत विषही लवकर बाहेर जात नाही.

हे नुसते तर्कट नाही, हे प्वेर्तो रिकोच्याच नैऋत्य किनाऱ्यावर दिसते. ला पार्गेरा या गावाजवळचा दीप्तिमान उपसागर एके काळी अधिक नावाजलेला होता. प्वेर्तो रिको विद्यापीठाचे सागरी संशोधन केंद्र शेजारच्या मागेयेस बेटावर १९५४ पासून आहे, त्यामुळे त्याचा अभ्यासही भरपूर झाला. तिथे इंजिनाच्या होड्या चालल्या, पर्यटक पाण्यात उतरले, काठावर वस्ती आणि दिवे वाढले. उजेड पूर्वीपेक्षा मंदावला. पायरोडिनियमची जागा 'सेरेशियम' या कमी चमकणाऱ्या जातीने बऱ्याच अंशी घेतल्याचे संशोधकांना आढळले. यात पर्यटनाचा वाटा किती आणि किनाऱ्यावरच्या बदलांचा किती, हे वेगळे करणे अवघड. पण जी गोष्ट पाहायला लोक येत होते ती त्यांच्या येण्यानेच फिकट व्हावी, याहून वाईट व्यापार कोणता? व्हिएकेसच्या कायाकवाल्याला नियम पाळावेसे वाटतात ते केवळ दंडाच्या भीतीने नव्हे. ला पार्गेरा त्याच्या डोळ्यांसमोर आहे.

व्हिएकेस अंधारे का राहिले, याचा इतिहास मात्र पर्यावरणप्रेमाचा नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेच्या नौदलाने बेटाची सुमारे दोन तृतीयांश जमीन ताब्यात घेतली आणि पुढे कित्येक दशके पूर्वेच्या टोकावर बाँबफेकीचा सराव चालला. १९९९ मध्ये एका भरकटलेल्या बाँबने तिथला एक स्थानिक सुरक्षारक्षक मारला गेला, मोठे आंदोलन उभे राहिले आणि १ मे २००३ रोजी सराव कायमचा थांबला. ती जमीन वन्यजीव आश्रयस्थान झाली; न फुटलेले बाँब शोधण्याचे काम त्यानंतरही वर्षानुवर्षे चालू राहिले. मधल्या काळात एवढ्या मोठ्या भागात हॉटेले, रस्त्यावरचे दिवे, गटारे आली नाहीत. बेटाच्या लोकांनी त्याची जबर किंमत मोजली. उपसागराला काळोख मिळाला तो अशा वाटेने, हे सहलीच्या माहितीपत्रकात सहसा छापलेले नसते.

आणि नियम पाळूनही सगळे आपल्या हातात नसते. २०१३ च्या नोव्हेंबरात प्वेर्तो रिकोच्या ईशान्येकडील फाहार्दो गावाजवळचे लागूना ग्रांदे हे दीप्तिमान सरोवर अचानक काळे पडले. पुढे २०१४ च्या सुरुवातीला खुद्द पुएर्तो मोस्कितो विझला. तेव्हा चक्रीवादळांचा मोसम नव्हता. अधिकाऱ्यांनी फेऱ्या थांबवल्या, वाऱ्याच्या बदललेल्या वागण्यापासून अनेक कारणांची चर्चा झाली, आणि काही महिन्यांनी उजेड परतला. वर मांडलेले गणित लक्षात असेल तर यात नवल वाटणार नाही. रोजची १.१५५ पट वाढ आणि एकाखालची घसरण यांत अंतर फारसे नाही.

२० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया हे चक्रीवादळ प्वेर्तो रिकोवर आदळले. व्हिएकेसची तिवरे झोडपून निघाली, पावसाचे गोडे पाणी आणि गाळ उपसागरात भरला, दीप्ती नाहीशी झाली. बेटावर कित्येक महिने वीज नव्हती. पर्यटन तर सोडाच. आणि तरीही काही महिन्यांत पायरोडिनियम परत आला. २०१८ मध्ये होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या, आणि पाणी आधीपेक्षाही जास्त चमकते असे होडीवाले सांगू लागले. हा जीव प्रतिकूल काळात जाड कवचाची सुप्त पुटी करून तळाच्या चिखलात पडून राहतो, बियाणासारखा. वादळाने गाळ ढवळला तेव्हा हे बियाणे वर आले असावे, आणि पडलेल्या तिवरांचा पालापाचोळा खत म्हणून कामी आला असावा, ही एक शक्यता आहे. पण त्यासाठी तळाचा चिखल जागेवर असावा लागतो. वादळ चिखल ढवळून परत तिथेच बसवते. खोदकाम करून नेलेला चिखल परत येत नाही.

पायरोडिनियमच्या गुणगानात एक गोष्ट सांगायची राहू नये. याच जातीचा हिंदी-प्रशांत महासागरातला प्रकार सॅक्सिटॉक्सिन हे चेतातंतूंना लुळे पाडणारे विष तयार करतो. फिलिपीन्समध्ये १९८३ पासून त्याच्या बहरात सापडलेल्या शिंपल्या खाऊन अनेकदा विषबाधा झाल्या. कॅरिबियन आणि अटलांटिक बाजूचा प्रकार निरुपद्रवी समजला जात असे. २००२ मध्ये फ्लोरिडातील इंडियन रिव्हर या खाजणातले केंड मासे खाऊन लोक आजारी पडले, आणि शोध घेता विषाचा उगम पायरोडिनियमपर्यंत पोहोचला. तेव्हापासून हा समज सोडून द्यावा लागला. व्हिएकेसला कायाकमधून जाणाऱ्याला यापासून भय नाही, कारण त्या पाण्यातले तो काही खात नाही.

तिथले सहलवाले वर्षाचे वेळापत्रक तिथ्यांवर बसवतात. अमावास्येच्या मागचे-पुढचे दिवस आधी भरतात, पौर्णिमेला होड्या काठावर पालथ्या असतात. संधिप्रकाश मावळला की पहिली तुकडी निघते. तिवरांच्या सावलीतून होड्या एकामागोमाग आत सरकतात, मार्गदर्शक सगळ्यांना वल्ही वर उचलायला सांगतो, आणि काही क्षण पाणी पूर्ण काळे होते.